संगणक बंद होताना का अडतो?

(विज्ञान विभाग : इयत्ता सातवी)

मित्रांनो, आणि फलकापुढे उभे राहून वाचणाऱ्या पालक मंडळींनो,

आपल्या शाळेत एक संगणक आहे. त्यात आपली नावे, जन्मतारखा, परीक्षेचे गुण, पोषण आहाराचा हिशेब आणि आपण काढलेली चित्रे साठवलेली आहेत. सायंकाळी शाळा सुटली की तो बंद करावा लागतो. कधी कधी बंद करण्याची आज्ञा देऊन झाली, पडद्यावर गोल चकरी फिरू लागली, तरी यंत्र काही केल्या बंद होत नाही. मग कोणीतरी हमखास म्हणतो, "काढून टाका ना पिन!"

पिन काढली की संगणक बंद होतो, हे खरे. पण त्याचबरोबर वर्षभराचे गुणपत्रकही जाऊ शकते. संगणक नवा आणता येतो. गेलेली माहिती मात्र पुन्हा लिहून काढावी लागते, आणि कधी कधी तीही मिळत नाही. म्हणून संगणक बंद होताना का अडतो, तो अडला तर काय करावे आणि काय करू नये, हे आपण आज क्रमाने पाहू.

१. बंद होणे म्हणजे काय?

दिव्याचे बटन बंद केले की दिवा विझतो. पंख्याचे बटन बंद केले की पंखा हळूहळू थांबतो. संगणकाचे तसे नाही. त्याला बंद होण्यापूर्वी पुष्कळ कामे उरकायची असतात.

संगणकात माहिती ठेवण्याच्या दोन जागा असतात. एक रॅम, म्हणजे तात्पुरती स्मृती. दुसरी हार्ड डिस्क, म्हणजे कायमची साठवण. आपण लिहितो, चित्र काढतो, बेरीज करतो, ते सारे काम आधी रॅममध्ये चालते. रॅम फार वेगवान असते, पण वीज गेली की तिच्यातले सारे पुसले जाते. डिस्क तिच्या मानाने हळू असते, पण वीज गेली तरी तिच्यातले लिखाण टिकते.

आपल्या भाषेत सांगायचे तर रॅम म्हणजे खळे आणि डिस्क म्हणजे कोठी. खळ्यावर हरभरा काढला, उफणला, रास घातली. काम सारे खळ्यावर होते. पण माल आपला केव्हा म्हणायचा? पोत्यात भरून कोठीत पडला तेव्हा. खळ्यावर रास असताना अवकाळी पाऊस आला तर वर्षाची मेहनत भिजते. संगणक बंद होताना जी चकरी फिरते, ती म्हणजे खळ्यावरचा उरलेला माल कोठीत नेण्याची धावपळ होय.

एका पालकांनी गुरुजींना विचारले, "गुरुजी, येवढा खटाटोप कायले? बटन काढून टाकलं तं काय होते?" गुरुजी म्हणाले, "भाऊ, खळ्यावर रास पडली अन् आभाळ भरून आलं, तं तुम्ही खळं सोडून घरी जाता काय?" पालक हसले आणि म्हणाले, "समजलं गुरुजी. आधी पोते उचलाचे, मंग घरी जाचं."

२. बंद होताना आत काय काय घडते?

विंडोज नावाच्या प्रणालीवर चालणाऱ्या संगणकात ढोबळमानाने पुढीलप्रमाणे कामे होतात.

(अ) उघड्या असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला निरोप जातो, "आता बंद व्हायचे आहे, तयारी करा." ज्या प्रोग्रॅममध्ये न साठवलेले काम असते, तो विचारतो, "हे साठवू की टाकून देऊ?" आपण उत्तर दिले नाही तर तो वाट पाहत बसतो.

(आ) एखादा प्रोग्रॅम सुमारे ५ सेकंद काहीच उत्तर देत नसेल, तर संगणक त्याला 'नॉट रिस्पाँडिंग', म्हणजे 'उत्तर देत नाही' असे समजतो. मग पडद्यावर त्याचे नाव येते आणि दोन बटने दिसतात. 'शट डाउन एनीवे' म्हणजे तरीही बंद करा. 'कॅन्सल' म्हणजे राहू द्या, मी पाहतो.

(इ) पडद्यावर न दिसणारी पुष्कळ कामे मागे चाललेली असतात. छपाईची रांग सांभाळणे, विषाणूंवर पहारा ठेवणे, इंटरनेटची जोडणी राखणे ही त्यांपैकी काही. यांना सेवा म्हणतात. त्यांनाही एकेक करून थांबवले जाते.

(ई) नवीन सुधारणा, म्हणजे अपडेट, आली असेल तर ती बसवली जाते.

(उ) रॅममध्ये राहिलेले लिखाण डिस्कवर उतरवले जाते, आणि मग संगणक स्वतःच आपली वीज तोडतो.

शेवटची गोष्ट पूर्वी अशी नव्हती. १९९५ साली आलेल्या विंडोज ९५ च्या काळात कित्येक संगणक सारी आवराआवर करून पडद्यावर 'आता संगणक बंद करण्यास हरकत नाही' अशा अर्थाची सूचना दाखवीत. मग माणसाने हाताने बटन दाबायचे. पुढे वीजपुरवठ्याच्या पेटीची रचना बदलली आणि संगणकाला स्वतःची वीज तोडता येऊ लागली. त्यामुळे सोय झाली. पण आत आवराआवर चालते ही गोष्ट आपण विसरून गेलो.

वरच्या पाच पायऱ्यांपैकी कोणत्याही पायरीवर खोळंबा झाला की संगणक अडतो. आता दोष शोधायचा म्हणजे कोणती पायरी अडली ते शोधायचे.

३. हळू आहे की अडला आहे?

हा पहिला प्रश्न. म्हातारा बैल हळू चालतो, पण घरी पोचतो. चिखलात रुतलेली बंडी मात्र वाट पाहून निघत नाही. दोन्हींचा उपाय वेगळा. पुढील खुणा पाहाव्यात.

पहिली खूण दिव्याची. अनेक संगणकांच्या पेटीवर डिस्कचा एक लहान दिवा असतो. तो लुकलुकत असेल तर आत लिहिणे-वाचणे चालू आहे. अशा वेळी हात लावू नये.

दुसरी खूण माउसची. माउस हलवून पाहावा. पडद्यावरचा बाण हलला तर यंत्र जागे आहे.

तिसरी खूण कळफलकाची. 'कॅप्स लॉक' ही कळ दाबली की तिचा दिवा लागतो, पुन्हा दाबली की विझतो. कळ दाबूनही दिवा बदलत नसेल, बाण हलत नसेल आणि डिस्कचा दिवाही बराच वेळ एकाच स्थितीत असेल, तर यंत्र बहुधा अडले आहे. अगदी शेवटच्या टप्प्यावर चांगल्या यंत्रातही कळफलक आधी बंद होतो, म्हणून एकाच खुणेवर निकाल देऊ नये.

चौथी खूण पडद्यावरच्या अक्षरांची. 'अपडेट चालू आहे, संगणक बंद करू नका' अशा अर्थाची सूचना असेल तर थांबावेच. जुन्या संगणकात आणि हळू डिस्कवर याला अर्धा तास, कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो. या वेळी पिन काढली तर प्रणाली अर्धवट राहते आणि दुसऱ्या दिवशी संगणक सुरूच होत नाही, असे घडू शकते.

४. उशिराची कारणे आणि त्यांवरचे उपाय

(१) उघडे राहिलेले प्रोग्रॅम. हे सर्वांत नेहमीचे कारण. वीस पाने उघडी, वर दोन चित्रपट्ट्या, आणि एक अर्धवट पत्र. उपाय सोपा आहे. बंद करण्यापूर्वी प्रत्येक काम साठवावे, प्रत्येक खिडकी आपल्या हाताने मिटावी, आणि मगच 'शट डाउन' म्हणावे. शाळा सुटताना आपण पाट्या-पुस्तके आवरतो, तसेच हे.

(२) छपाईची अडकलेली रांग. छपाईयंत्र बंद आहे किंवा त्यातला कागद संपला आहे, आणि आपण चार वेळा 'प्रिंट' म्हटले. ती चारही कामे रांगेत उभी राहतात. छपाईयंत्राच्या खुणेवर जाऊन रांग उघडावी आणि नको असलेली कामे रद्द करावीत. रांग रद्दच होत नसेल तर 'प्रिंट स्पूलर' नावाची सेवा थांबवून पुन्हा सुरू करावी लागते. ते काम मोठ्या माणसाने करावे.

(३) जोडून राहिलेल्या वस्तू. पेनड्राइव्ह, मोबाइल, बाहेरची डिस्क, कॅमेरा यांपैकी काही जोडलेले असले तर संगणक त्यांच्याशी बोलणी पुरी होण्याची वाट पाहतो. पेनड्राइव्ह काढताना आधी 'सेफली रिमूव्ह' म्हणावे, मग काढावा. पेनड्राइव्हवर लिहिणे चालू असताना तो उपटला तर त्यातील फाइल बिघडते.

(४) आरंभीच सुरू होणारे प्रोग्रॅम. कित्येक प्रोग्रॅम आपण न बोलावता संगणकाबरोबर उठतात आणि दिवसभर मागे बसून राहतात. जाताना त्यांना हाकलण्यात वेळ जातो. 'टास्क मॅनेजर' उघडून 'स्टार्टअप' या भागात जावे आणि नको असलेल्यांना 'डिसेबल' करावे. नाव ओळखीचे नसेल तर विचारल्याशिवाय हात लावू नये.

(५) दोन पहारेकरी. विषाणूरोधक प्रोग्रॅम एकच असावा. दोन ठेवले तर ते एकमेकांवरच संशय घेतात, प्रत्येक फाइल दोनदा तपासली जाते आणि यंत्र मंद होते. विंडोज १० आणि ११ मध्ये एक विषाणूरोधक मुळातच असतो.

(६) भरलेली किंवा थकलेली डिस्क. कोठी काठोकाठ भरली तर नवे पोते कोठे टाकणार? डिस्कवर मोकळी जागा राहिली पाहिजे. जुनी फिरती डिस्क खराब होऊ लागली की 'टक-टक' किंवा 'कर-कर' असा आवाज येतो, आणि साधी फाइल उघडायलाही वेळ लागतो. असा आवाज आला तर दुरुस्तीच्या आधी एकच काम करावे : सर्व महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. मग डिस्क तपासावी. 'सी' या डिस्कवर उजवे बटन दाबून 'प्रॉपर्टीज', 'टूल्स', 'चेक' या क्रमाने गेले की तपासणी होते.

(७) जलद आरंभाची सोय. ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. २०१२ साली विंडोज ८ आले. तेव्हापासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. ती चालू असली तर 'शट डाउन' केल्यावर संगणक पूर्ण बंद होत नाही. तो आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर एका फाइलीत लिहून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी तेथूनच उठतो. त्यामुळे सुरू होणे जलद होते. पण गाभ्यात काही बिघाड असेल तर तोही जसाच्या तसा दुसऱ्या दिवशी परत येतो! 'रीस्टार्ट' केल्यावर मात्र गाभा नव्याने भरला जातो. म्हणूनच कित्येकदा 'बंद करून चालू केले, फरक पडला नाही; रीस्टार्ट केले आणि सुधारले' असा अनुभव येतो. 'शिफ्ट' ही कळ दाबून धरून 'शट डाउन' वर टिचकी मारली तर त्या वेळेपुरता संगणक पूर्ण बंद होतो. सोय कायमची काढायची असेल तर 'कंट्रोल पॅनेल' मधील 'पॉवर ऑप्शन्स' मध्ये, पॉवर बटनाने काय करावे ते ठरवण्याच्या पानावर, 'फास्ट स्टार्टअप' समोरची खूण काढावी.

(८) जुने ड्रायव्हर. छपाईयंत्र, ध्वनी, चित्र, इंटरनेट यांपैकी प्रत्येक भागाशी बोलण्यासाठी संगणकाला एक दुभाष्या लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. दुभाष्या जुना असला की 'थांब' म्हटलेले त्या भागाला नीट कळत नाही आणि संगणक ताटकळत राहतो. ड्रायव्हर यंत्राच्या मूळ कंपनीचा किंवा विंडोजच्या अपडेटमधून येणाराच घ्यावा.

(९) उष्णता आणि धूळ. आपल्या वऱ्हाडात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. काळ्या मातीची धूळ असते, आणि कापसाच्या दिवसांत तंतू उडत असतात. ही धूळ आणि रुई पंख्याच्या पात्यांवर जमते. हवा खेळत नाही, आत ताप वाढतो, आणि संगणक जळू नये म्हणून स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. उपाय म्हणजे संगणक भिंतीपासून जरा दूर ठेवावा, वापरानंतर तो निवू द्यावा, मगच झाकावा. चालू संगणकावर कापड कधीही टाकू नये. पेटी उघडून सफाई करायची तर पिन काढून, मोठ्या माणसाच्या हातून, कोरड्या मऊ कुंचल्याने करावी. ओले फडके वापरू नये. आपल्या खारपाणपट्ट्यातील पाणी तर क्षारांचे. सुकल्यावर पांढरे डाग मागे ठेवणारे. आपल्याच भागातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी खराटा हाती घेऊन गावे झाडली. संगणकाच्या खोलीलाही तोच धडा लागू आहे.

५. दोषी कसा शोधावा?

वैद्य औषध देण्याआधी नाडी पाहतो, विचारपूस करतो. तद्वत आपणही करावे. एक वही करावी. तिच्यात चार रकाने आखावेत : तारीख, बंद करण्याची आज्ञा दिल्याची वेळ, प्रत्यक्ष बंद झाल्याची वेळ, आणि त्या दिवशी काय वेगळे केले. आठवडाभर नोंद ठेवली की वहीच बोलू लागते. छपाई केलेल्या दिवशीच उशीर होतो काय? पेनड्राइव्ह लावलेल्या दिवशी? नवा प्रोग्रॅम टाकल्यापासून?

येथे एक नियम पाळावा. एका वेळी एकच बदल करावा. पिकावर एकाच दिवशी तीन औषधे फवारली आणि कीड गेली, तर कोणत्या औषधाने गेली हे सांगता येत नाही. संगणकाचेही तसेच आहे.

आता एक गणित पाहा. समजा, मागे चालणारे १६ प्रोग्रॅम आहेत आणि त्यांपैकी एकच त्रास देतो. एकेक बंद करून पाहिले तर १५ वेळा प्रयोग करावा लागू शकेल. पण निम्मे बंद केले तर? पहिल्या प्रयोगात ८ बंद, ८ चालू. उशीर झाला तर दोषी चालू असलेल्या ८ मध्ये, झाला नाही तर बंद केलेल्या ८ मध्ये. दुसऱ्या प्रयोगात ४ उरतात, तिसऱ्यात २, आणि चौथ्यात १. म्हणजे १५ ऐवजी ४ प्रयोगांत काम झाले! यालाच निम्म्या-निम्म्याची रीत म्हणू या. 'सिस्टिम कॉन्फिगरेशन' नावाच्या खिडकीत हे करता येते. मात्र तेथे आधी मायक्रोसॉफ्टच्या सेवा लपवण्याची खूण करावी, म्हणजे प्रणालीच्या जरुरीच्या सेवा चुकून बंद होणार नाहीत.

विंडोज स्वतःही रोजनिशी लिहीत असते. तिला 'इव्हेंट व्ह्यूअर' म्हणतात. तिच्यात 'डायग्नॉस्टिक्स परफॉर्मन्स' नावाचा भाग आहे. तेथे २०० क्रमांकाच्या नोंदीत संगणक बंद व्हायला किती वेळ लागला ते असते, आणि त्याच्या पुढच्या क्रमांकांच्या नोंदींत उशीर करणाऱ्याचे नावही सापडू शकते. गुरुजींनी किंवा मोठ्या भावाने ती उघडून पाहावी.

काही ठिकाणी संगणकावर लिनक्स नावाची मोफत प्रणाली असते. आपल्या देशातील सी-डॅक या संस्थेने केलेली 'बॉस' ही प्रणालीही लिनक्सवरच आधारलेली आहे. पुष्कळ लिनक्स संगणकांत बंद होताना 'अ स्टॉप जॉब इज रनिंग' असे वाक्य येते आणि पुढे सेकंद मोजले जातात. त्याचा अर्थ एवढाच की एक सेवा थांबायला तयार नाही. साधारणपणे १ मिनिट ३० सेकंद वाट पाहून संगणक तिला जबरीने थांबवतो. तेव्हा घाबरून पिन काढू नये. दीड मिनिट म्हणजे राष्ट्रगीत सावकाश म्हणून होते एवढाच वेळ, थोडा जास्त.

६. अगदीच अडला तर?

पुढील पायऱ्या क्रमाने कराव्यात.

पहिली पायरी : वाट पाहावी. अपडेटची सूचना नसेल तरी निदान दहा-पंधरा मिनिटे थांबावे.

दुसरी पायरी : 'कंट्रोल', 'ऑल्ट' आणि 'डिलीट' या तीन कळा एकत्र दाबाव्यात. ही तीन कळांची युक्ती आयबीएम कंपनीतील डेव्हिड ब्रॅडली या अभियंत्याने १९८१ च्या सुमारास पहिल्या पीसीसाठी बसवली. तेव्हा तिने संगणक सरळ पुन्हा सुरू होई. आता तिने एक पान उघडते. तेथून 'टास्क मॅनेजर' मध्ये जाऊन अडलेल्या प्रोग्रॅमवर 'एंड टास्क' म्हणावे.

तिसरी पायरी : जोडलेली बाहेरची डिस्क किंवा पेनड्राइव्ह असेल आणि त्याचा दिवा लुकलुकत नसेल, तर तो काढून पाहावा. कधी कधी गाठ तेथेच असते.

चौथी आणि शेवटची पायरी : पेटीवरचे पॉवरचे बटन ५ ते १० सेकंद दाबून धरावे. संगणक बंद होतो. हा उपाय नाइलाजाचा आहे, रोजचा नव्हे.

असे करावे लागले तर दुसऱ्या दिवशी संगणक सुरू केल्यावर तो स्वतःची तपासणी करू लागेल. ती मध्येच तोडू नये. मग डिस्कची तपासणी करावी, आणि शेवटी ज्या फाइलीवर काम चालले होते ती उघडून पाहावी.

७. लाइट गेली तर?

आपल्याकडे लाइट जाणे नवे नाही. अडलेल्या संगणकाची पिन काढणे आणि चालू संगणकाची लाइट जाणे, दोन्हींचा परिणाम सारखाच. म्हणून संगणकाला यूपीएस लावतात. त्यात बॅटरी असते. लाइट गेली की ती काही मिनिटे संगणक चालवते. ही मिनिटे काम साठवून संगणक रीतसर बंद करण्यासाठी असतात. ती गोष्टींची चित्रपट्टी पुरी पाहण्यासाठी नसतात! यूपीएस 'पीं-पीं' करू लागला की पहिले काम 'सेव्ह', दुसरे काम 'शट डाउन'. बॅटरी काही वर्षांत थकते. यूपीएस एका मिनिटातच मान टाकत असेल तर बॅटरी बदलण्याची वेळ झाली असे समजावे.

लिहिता लिहिता दर थोड्या वेळाने 'कंट्रोल' आणि 'एस' या दोन कळा दाबण्याची सवय हाताला लावावी. पोते भरले की कोठीत, पोते भरले की कोठीत. रास साचू द्यायचीच नाही.

८. पालकांसाठी दोन शब्द

आता घरोघरी मुलांच्या शिक्षणासाठी जुना का होईना, संगणक येऊ लागला आहे. गावातल्या सेवा केंद्रावर सातबारा आणि पीक विम्याचे अर्जही संगणकावरच होतात. तेव्हा ही माहिती तुमच्याही उपयोगाची आहे.

संगणक हळू झाला की 'नवाच घ्या' असा सल्ला मिळतो. घाई करू नका. आधी वर सांगितलेले बिनखर्चाचे उपाय करून पाहा. तरीही मंदच असेल तर दुरुस्ती करणाऱ्याला विचारा, "फिरती डिस्क काढून एसएसडी बसवता येईल काय? रॅम वाढवता येईल काय?" एसएसडीमध्ये फिरणारा भाग नसतो, त्यामुळे ती फार वेगवान असते. कित्येक जुने संगणक एवढ्याने पुन्हा कामाला लागतात.

दुकानात संगणक देताना आधी आपली माहिती दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. 'फॉरमॅट करू का?' असे विचारले तर त्याचा अर्थ 'कोठी रिकामी करू का?' असा आहे, हे लक्षात ठेवून उत्तर द्या. डिस्क बदलली तर जुनी डिस्क परत मागा. तिच्यात तुमचे कागदपत्र असतात.

'तुमच्या संगणकात विषाणू आहे, आम्ही दुरुस्त करतो' असा अनोळखी फोन आला तर तो खोटा समजावा. पैसे देऊ नयेत, आणि त्यांनी सांगितलेला प्रोग्रॅमही टाकू नये. 'वेग दुप्पट करा' म्हणणारे फुकटचे प्रोग्रॅमही टाळावेत. ते पुष्कळदा मंदपणा वाढवतात.

आणखी एक. विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आहे. संगणक त्यामुळे बंद पडत नाही, पण सुरक्षेची नवी दुरुस्ती नेहमीप्रमाणे मिळत नाही. अशा संगणकावर बँकेचे व्यवहार करण्यापूर्वी जाणकाराला विचारावे.

९. हे आपल्याला जमेल काय?

कोणी म्हणेल, ही शहरातल्या लोकांची कामे. तर मग हे ऐका. आपल्या दर्यापूरच्या शेजारी मूर्तिजापूर तालुका आहे. त्या तालुक्यातील मुरंबा या खेड्यात १९४६ साली डॉ. विजय भटकर यांचा जन्म झाला. पुढे भारताला अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळेना, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली. तिच्यात डॉ. भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक तयार झाला. पुष्कळ लहान गणनयंत्रे एकत्र जोडून, एकच मोठे काम वाटून करायचे, ही त्याची रीत. सारे गाव मिळून एकाचे खळे उरकते, तसेच ते.

वऱ्हाडातल्या खेड्यात जन्मलेला मुलगा महासंगणक घडवतो. आपल्याला तर फक्त एक लहान संगणक नीट बंद करायचा आहे.

लक्षात ठेवा

१. काम साठवा, खिडक्या मिटा, पेनड्राइव्ह रीतसर काढा, मग 'शट डाउन' म्हणा.
२. चकरी फिरते म्हणजे आत आवराआवर चालू आहे. दिवा पाहा, सूचना वाचा, थांबा.
३. अपडेट चालू असताना पिन कधीही काढू नका.
४. एका वेळी एकच बदल करा आणि तो वहीत लिहा.
५. महत्त्वाची फाइल दोन ठिकाणी ठेवा. एकच प्रत म्हणजे उघड्यावरची रास.
६. आठवड्यातून एकदा 'रीस्टार्ट' करा.
७. यंत्राची पेटी मुलांनी एकट्याने उघडू नये.

स्वाध्याय

प्र. १. रॅमला खळे आणि डिस्कला कोठी का म्हटले आहे? तुमच्या शब्दांत सांगा.
प्र. २. 'शट डाउन' आणि 'रीस्टार्ट' यांत काय फरक आहे?
प्र. ३. मागे चालणारे ३२ प्रोग्रॅम असून एकच दोषी असेल, तर निम्म्या-निम्म्याच्या रीतीने किती प्रयोगांत तो सापडेल?
प्र. ४. संगणकाच्या खोलीत धूळ कोठून कोठून येते ते पाहा आणि ती रोखण्याचे तीन उपाय लिहा.
प्र. ५. उपक्रम : चार रकान्यांची वही आखा. शाळेचा संगणक बंद करण्याची नोंद आठवडाभर पाळीपाळीने ठेवा आणि आढळलेली गोष्ट शनिवारी वर्गात वाचून दाखवा.

(प्र. ३ चे उत्तर : ५)